ग्रंथमितीय विश्लेषण पहिल्यांदा करताना: नागपुरी संत्र्याच्या उदाहरणासह

माझ्या पीएच.डी. प्रबंधातले एक प्रकरण नागपुरी संत्र्यावरील संशोधनाच्या ग्रंथमितीय विश्लेषणाचे होते. गाइडनी ‘दोन महिन्यांचे काम आहे’ असे सांगितले होते. मला आठ महिने लागले. त्यांपैकी आलेख आणि नकाशे तयार करण्यात जेमतेम दोन आठवडे गेले. उरलेला वेळ प्रश्न नीट न ठरवल्यामुळे फसलेला शोध पुन्हा करण्यात आणि डाउनलोड केलेल्या नोंदी दुरुस्त करण्यात गेला. नागपुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याचे, प्राध्यापकाचे किंवा ग्रंथपालाचे काही महिने वाचावेत, एवढ्यासाठी मी हे टप्पे ज्या क्रमाने करायला हवे होते त्या क्रमाने लिहीत आहे.

प्रकाशित साहित्याची आणि त्यातील संदर्भांची मोजणी करून एखाद्या विषयाच्या, संस्थेच्या किंवा संशोधकाच्या कामाचा आकार, दिशा आणि पोहोच समजून घेणे म्हणजे ग्रंथमिती. या शास्त्राचे आजचे इंग्रजी नाव ‘बिब्लिओमेट्रिक्स’ अ‍ॅलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये रूढ केले. पण ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावावे हा विचार भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच ‘लायब्रमेट्री’ या नावाने मांडला होता. कोणत्या शोधनिबंधाने कोणाचा संदर्भ दिला याची सूची करावी, ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून ती सायन्स सायटेशन इंडेक्सच्या रूपाने प्रत्यक्षात आली. एका शोधनिबंधाने दुसऱ्याच्या केलेल्या संदर्भोल्लेखाला आपण सगळे ‘सायटेशन’ म्हणतो, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

१. प्रश्न आधी कागदावर लिहा

‘नागपुरी संत्र्यावरील संशोधनाचा प्रभाव मोजणे’ हा माझा पहिला प्रश्न होता आणि तो प्रश्नच नव्हता. प्रभाव कोणाचा, कोणावर, किती वर्षांत आणि कशाच्या तुलनेत, यांपैकी काहीच त्यात ठरलेले नव्हते. नागपुरी संत्र्याविषयी कुठेही झालेले संशोधन मोजायचे, की नागपुरात बसून कोणत्याही लिंबूवर्गीय फळावर झालेले संशोधन मोजायचे, हे दोन वेगळे अभ्यास आहेत. नागपुरी संत्रा राजस्थानात झालावाडकडेही लावला जातो आणि त्यावर तिकडचे कृषी संशोधक लिहितात. उलट, नागपुरातल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत मोसंबी आणि लिंबावरही काम होते. मी या दोन्हींची सरमिसळ केली आणि पहिले दोन महिने त्यात गेले.

सायटेशन मोजून काय कळत नाही, हेही याच वेळी लिहून ठेवावे. एखाद्या शोधनिबंधाचा इतर संशोधकांनी किती उल्लेख केला हे त्यातून कळते. काटोल किंवा नरखेडच्या बागाइतदाराची डिंक्या रोगाने मरणारी झाडे त्या संशोधनामुळे वाचली का, हे कळत नाही. ते विचारायचे असेल तर बागेत जाऊन मुलाखती घ्याव्या लागतात. प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रभाव’ लिहायचे आणि आत फक्त सायटेशनचे तक्ते द्यायचे, याला मौखिक परीक्षेत हमखास आक्षेप येतो, मलाही आला.

प्रश्न लिहिण्याचा एक साधा साचा असा: विषय कोणता, भूगोल कोणता, कालखंड कोणता, कोणत्या प्रकारचे प्रकाशन आणि तुलना कशाशी. माझा शेवटचा प्रश्न असा झाला: ‘२००१ ते २०२० या काळात नागपुरी संत्र्याविषयी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांमध्ये कोणते विषय वाढले, कोणत्या संस्थांनी एकत्र काम केले आणि प्रकाशनानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यांचे किती संदर्भ घेतले गेले?’ वाक्य लांब आहे खरे, पण पुढचा प्रत्येक निर्णय याच वाक्याकडे पाहून घेता आला.

२. हाताशी काय हवे

यासाठी महागडे काही लागत नाही. कामाला लागण्यापूर्वी एवढे जमवावे:

– ज्या संस्थेत नोंदणी आहे तिचा ईमेल, ग्रंथालयाचे सभासदत्व आणि बाहेरून प्रवेशासाठीचे लॉगिन
– संशोधकाची ओळख पटवणारा स्वतःचा १६ अंकी ऑर्किड क्रमांक, जो विनामूल्य मिळतो
– नोंदी स्वच्छ करण्यासाठी ओपनरिफाइन
– विश्लेषणासाठी आर ही संगणकभाषा आणि तिच्यातले बिब्लिओमेट्रिक्स हे पॅकेज. आज्ञावली लिहिता येत नसेल तर त्याचाच बिब्लिओशायनी हा खिडक्या-बटणांचा भाग
– नकाशांसाठी लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हीओएसव्ह्यूअर
– संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो
– एक जाड वही

वरची सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत. वहीचा उल्लेख गमतीने केलेला नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या डेटाबेसमध्ये, नेमके कोणते शब्द टाकून शोध घेतला आणि किती नोंदी मिळाल्या, हे त्याच दिवशी लिहिले नाही तर महिनाभराने स्वतःलाच आठवत नाही. सायटेशनचे आकडे रोज बदलतात, त्यामुळे तारीख नसलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

३. डेटाबेस निवडा, आणि का निवडला तेही लिहा

शोधनिबंध आणि त्यांची सायटेशन नोंदवणारे वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे दोन डेटाबेस वर्गणीचे आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या स्कोपसमध्ये नियतकालिकांची संख्या अधिक आहे, तर वेब ऑफ सायन्सचे संदर्भ अधिक मागच्या काळापर्यंत जातात. राष्ट्रीय मानांकनाच्या एनआयआरएफ आराखड्यातही प्रकाशनांची मोजणी अशा डेटाबेसवरून होते, म्हणून संस्थेच्या अहवालासाठी काम करत असाल तर यांना पर्याय नाही. आपल्या संस्थेकडे कोणती वर्गणी आहे हे ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो नियतकालिके वाचायला मिळू लागली, ही मोठी सोय आहे. परंतु शोधनिबंध वाचायला मिळणे आणि सायटेशनचा डेटाबेस मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आहे म्हणून दुसरीही असेल असे धरून चालू नका.

वर्गणी नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये खुला झालेला ओपनअ‍ॅलेक्स पूर्णपणे मोफत आहे, त्यात २० कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्याची सामग्री इतरांना देण्यावर बंधन नाही. डायमेन्शन्सची मोफत आवृत्ती आणि द लेन्स हेही उपयोगी आहेत. ओपनअ‍ॅलेक्समध्ये लेखकांचे पत्ते अनेकदा अपुरे असतात, त्यामुळे संस्थांचा अभ्यास असेल तर दुरुस्तीला जास्त वेळ धरावा.

गुगल स्कॉलर सर्वांना माहीत असते आणि सर्वात मोठे आकडे तिथेच दिसतात, कारण प्रबंध, अहवाल, अप्रकाशित मसुदे असे सगळेच तिथे मोजले जाते. मात्र तिथून नोंदी एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय नाही. पब्लिश ऑर पेरिश या सॉफ्टवेअरमधून घेतल्या तरी एका शोधाला १००० नोंदींची मर्यादा येते. माझे मत असे, की गुगल स्कॉलर पडताळणीसाठी वापरावे, मोजणीचा पाया म्हणून वापरू नये. आणि एका लेखकाचा आकडा स्कोपसमधला, दुसऱ्याचा गुगल स्कॉलरमधला, असा तक्ता तर कधीच करू नये. मी तो पदोन्नतीच्या अर्जांमध्ये अनेकदा पाहिला आहे.

मराठीत किंवा मानव्यविद्यांमध्ये काम करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. या डेटाबेसमध्ये मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीतच. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’तील एखाद्या लेखाने वैदर्भीय समीक्षेची चर्चा बदलली असेल, तरी या मोजणीत त्याची किंमत शून्य येईल. अशा विषयाला स्कोपसची फूटपट्टी लावण्याऐवजी प्रबंधांच्या आणि ग्रंथांच्या शेवटच्या संदर्भसूची स्वतः हाताने नोंदवाव्यात. त्यासाठी शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध हा चांगला साठा आहे. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

४. शोधसूत्र तयार करा

शोधसूत्र म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ या जोडशब्दांनी बांधलेला प्रश्न. इथे झालेली चूक पुढे कितीही मेहनत घेतली तरी भरून निघत नाही.

मी पहिल्या दिवशी ‘ऑरेंज’ आणि ‘नागपूर’ एवढे दोनच शब्द इंग्रजीत टाकले. नोंदी भरपूर मिळाल्या, मला आनंद झाला आणि मी त्या तशाच उतरवून घेतल्या. आठवड्याने शीर्षके वाचायला बसले तेव्हा लक्षात आले, की त्यांतल्या कितीतरी नोंदी मिथाइल ऑरेंज या रंगद्रव्याच्या होत्या. सांडपाण्यातून रंग काढण्याचे प्रयोग करणारी पर्यावरणशास्त्राची आणि रसायनशास्त्राची मंडळी हे द्रव्य सर्रास वापरतात, आणि नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीचे काम मोठे आहे. मग मी ‘मॅन्डरिन’ हा संत्र्यासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द घेतला; चिनी भाषेलाही तेच नाव आहे. नागपूर हा शब्द काढून पाहिला तर चिनी भाषेच्या अभ्यासाचे निबंध येऊ लागले. शेवटी फळाचे शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलेटा, ‘नागपूर मॅन्डरिन’ आणि ‘नागपूर ऑरेंज’ हे अवतरणचिन्हांत बांधलेले शब्दसमूह आणि ‘नागपुरी संत्रा’ची रोमन लिपीतली तीन-चार स्पेलिंगे ‘किंवा’ने जोडून, शोध शीर्षक, सारांश आणि की-वर्ड एवढ्यापुरता ठेवला, तेव्हा कुठे हाती काही लागले.

शोधसूत्र बरोबर आहे का, हे तपासण्याची एक युक्ती मला एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी सांगितली. विषयातील जाणकाराकडून, यादीत असायलाच हवेत असे दहा-पंधरा शोधनिबंध आधी मागून घ्यावेत. आपल्या शोधात ते सगळे आले तर जाळे पुरेसे मोठे आहे. त्यांतले तीन-चार निसटत असतील, तर त्यांत कोणते शब्द वापरले आहेत ते पाहून सूत्र सुधारावे. उलट बाजूने, मिळालेल्या नोंदींपैकी कोणत्याही शंभर उचलून वाचाव्यात आणि त्यांत विषयाबाहेरच्या किती आहेत ते मोजावे. या दोन्ही चाचण्यांचे आकडे प्रबंधात दिले तर परीक्षकांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

शहराच्या नावाने शोधताना नागपूरकरांसाठी एक खास खड्डा आहे. विद्यापीठाचा परिसर, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि लिंबूवर्गीय फळे संस्था अमरावती रोडवर आहेत, तर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर. लेखक पत्त्यात रस्त्याचे नाव लिहितात. त्यामुळे पत्त्याच्या संपूर्ण मजकुरात ‘अमरावती’ शोधले तर नागपूरच्या संस्था अमरावतीच्या खात्यावर जमा होतात, आणि वर्ध्याचेही तेच. विदर्भातील जिल्ह्यांची तुलना करणार असाल तर शोध शहराच्या रकान्यात घ्या, संपूर्ण पत्त्यात घेऊ नका, आणि तरीही उरलेल्या नोंदी डोळ्यांनी पाहा.

५. नोंदी निवडून घ्या

निवडणे हा शब्द मी तांदूळ निवडण्याच्या अर्थाने वापरते आहे, आणि खरे काम हेच आहे. यासाठी एकूण वेळेपैकी निम्मा वेळ राखून ठेवा.

सुरुवातीलाच एक सूचना: डेटाबेसमधून उतरवलेली सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडून सेव्ह करू नका. एक्सेल ‘३-५’ अशा पृष्ठक्रमांकाची तारीख करून टाकते, नियतकालिकाच्या आठ अंकी आयएसएसएन क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गाळते आणि परदेशी नावांतील खुणा असलेली अक्षरे बिघडवते. मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये न उघडता जपून ठेवा आणि काम तिच्या प्रतीवर, ओपनरिफाइनमध्ये करा.

त्यानंतर दुबार नोंदी काढाव्यात. दोन डेटाबेस एकत्र केले की तोच शोधनिबंध दोनदा येतो. आधी डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, जुळवावा. त्यापूर्वी त्यातील सगळी अक्षरे छोट्या लिपीत आणावीत आणि पुढे जोडलेला संकेतस्थळाचा भाग काढून टाकावा, नाहीतर एकच क्रमांक दोन वेगळे दिसतात. ज्यांना डीओआय नाही, आणि भारतीय कृषी नियतकालिकांच्या जुन्या अंकांत तो बहुधा नसतोच, त्या नोंदी शीर्षक आणि वर्ष जुळवून तपासाव्यात.

मग लेखकांची नावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात, आणि परदेशी नियतकालिक त्यांतले कोणते पद कुठे टाकील याचा नेम नसतो. एकच व्यक्ती एका लेखात दोन आद्याक्षरांनी, दुसऱ्यात एकाने आणि तिसऱ्यात पूर्ण नावाने येते. वानखेडे आणि वानखडे यांच्या रोमन रूपांत एका स्वराचा फरक असतो, पण ती दोन माणसे असतात. काही वेळा मात्र छपाईच्या चुकीने झालेले ते एकच माणूस असते. देशमुख, मेश्राम, पाटील ही आडनावे आणि एक आद्याक्षर एवढ्यावर माणूस ओळखू गेलात तर मृदाशास्त्रज्ञाच्या नावावर हृदयरोगाचे निबंध चढतील. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्री-संशोधकांचे काम तर सरळ दोन तुकड्यांत विभागले जाते आणि दोन्ही तुकडे लहान दिसतात. माझेही तसेच झाले होते. ऑर्किड क्रमांक असेल तर त्यावरून जोडावे. नसेल तर सहलेखक, संस्था आणि विषय या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय दोन नावे एक करू नयेत. प्रत्येक जोडणीचे कारण वहीत लिहावे.

लेखकांइतकाच त्रास संस्थांच्या नावांचा होतो. आजचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले तेव्हा नुसते नागपूर विद्यापीठ होते. त्याची जुनी नोंद, नवी पूर्ण नोंद, आद्याक्षरांची नोंद आणि संतांच्या नावाच्या रोमन स्पेलिंगचे नाना प्रकार, असे सगळे वेगवेगळ्या संस्था म्हणून मोजले जाते. व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था पूर्वी विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग होती. १९५८ मध्ये स्थापन झालेली नीरी १९७४ पर्यंत वेगळ्या नावाने ओळखली जात होती, आणि तिची विभागीय केंद्रे इतर महानगरांतही आहेत, म्हणून नीरीचा प्रत्येक शोधनिबंध नागपूरचा नसतो. मृदा सर्वेक्षण संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांत मधेच ‘अँड’ची खूण येते, कुणी ती खूण लिहितो, कुणी तो शब्द लिहितो, कुणी काहीच लिहीत नाही. संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापक अनेकदा फक्त महाविद्यालयाचे नाव देतात, विद्यापीठाचे देत नाहीत. ते निबंध विद्यापीठाच्या खात्यात धरायचे की नाही, हा निर्णय तुमचा. पण तो एकदाच घ्यावा आणि सर्वांना सारखा लावावा.

ओपनरिफाइनमध्ये ‘क्लस्टर’ नावाची सोय आहे. ती सारख्या दिसणाऱ्या नावांचे गट करून दाखवते आणि एक करायचे का असे विचारते. सगळ्यांना एकदम ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो. मी तो केला आणि दोन स्वतंत्र कृषी महाविद्यालये एकमेकांत मिसळून टाकली. प्रत्येक गट वाचून मगच होकार द्यावा.

शेवटी की-वर्ड. सिट्रस ग्रीनिंग आणि हुआंगलाँगबिंग ही एकाच रोगाची दोन नावे आहेत. शास्त्रीय नावापुढे कुणी ब्लँको हे नामकर्त्याचे नाव लावतो, कुणी लावत नाही. एकवचन, अनेकवचन आणि ब्रिटिश-अमेरिकी स्पेलिंग यांचा गोंधळ वेगळाच. व्हीओएसव्ह्यूअरला दोन रकान्यांची साधी मजकूर-फाइल देता येते: डावीकडे सापडलेला शब्द, उजवीकडे त्याऐवजी घ्यायचा शब्द. ही फाइल विषयातल्या माणसाला दाखवल्याशिवाय वापरू नये. जंबेरी आणि रंगपूर लाइम हे दोन वेगळे खुंट, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात ती झाडे, आहेत, हे मला एका रोपवाटिकेच्या मालकांनी सांगितले, नाहीतर मी दोन्ही एकाच नावाखाली घातले होते.

६. निर्देशांक काढा, पण त्यांचा अर्थ समजून

समजा, एका संशोधकाचे आठ शोधनिबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे २५, १४, ९, ६, ५, ५, २ आणि ० सायटेशन मिळाली आहेत. एकूण बेरीज ६६, सरासरी ८.२५. पहिला निबंध बाजूला ठेवला की सरासरी ६ च्याही खाली येते, म्हणजे एकट्या निबंधाने ती वर ओढलेली आहे. म्हणून सरासरीसोबत मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा. तो इथे ५.५ आहे.

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक काढण्यासाठी निबंध उतरत्या क्रमाने लावून क्रमांक आणि सायटेशन यांची तुलना करतात. पाचव्या निबंधाला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र ६ नाहीत, म्हणून एच-निर्देशांक ५. लिओ एगे यांच्या २००६ मधील जी-निर्देशांकात पहिल्या काही निबंधांच्या सायटेशनची बेरीज त्यांच्या संख्येच्या वर्गाइतकी किंवा अधिक असावी लागते. आठ निबंधांची बेरीज ६६ आणि आठाचा वर्ग ६४, म्हणून तो ८ येतो. गुगल स्कॉलरचा आय-टेन, म्हणजे किमान १० सायटेशन असलेले निबंध, इथे २ येतो. माणूस एकच आणि काम एकच, पण आकडे पाच, आठ आणि दोन. हे उदाहरण एकदा स्वतः कागदावर सोडवावे. सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्याची आंधळी भक्ती त्याने कमी होते.

एच-निर्देशांक वयाबरोबर वाढतो आणि कधी कमी होत नाही, त्यामुळे निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशी नव्या सहायक प्राध्यापकाची तुलना त्यावरून करणे अन्यायाचे आहे. विषयांचीही तीच गोष्ट. वैद्यक किंवा जैवरसायनशास्त्रात संदर्भसूची लांब असतात आणि संशोधक पुष्कळ असतात. गणितात दोन्ही कमी. अशा वेळी विषयसापेक्ष मोजमाप घ्यावे, म्हणजे त्याच विषयातील, त्याच वर्षाच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी तुलना. निबंधाच्या सायटेशनला त्या सरासरीने भागून १ आले तर निबंध सरासरीइतका, १.५ आले तर सरासरीपेक्षा पन्नास टक्के अधिक. आढावा-निबंधांना मूळ संशोधनापेक्षा जास्त सायटेशन मिळतात, म्हणून हे दोन प्रकारही वेगळे ठेवावेत. २०१० च्या आणि २०१९ च्या निबंधांची तुलना करायची असेल तर दोघांनाही प्रकाशनानंतरची सारखीच वर्षे द्यावीत. मी पाच दिली.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा आहे, निबंधाचा किंवा लेखकाचा नव्हे. एखाद्या नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून १३० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्या दोन वर्षांच्या मजकुराचे १९५ संदर्भ घेतले गेले, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १.५. त्या १३० पैकी अनेकांचा उल्लेख कुणीच केलेला नसू शकतो. नियतकालिकाच्या आकड्यावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, हे २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटले आहे, आणि मापनाने जाणकारांच्या गुणात्मक परीक्षणाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, हे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील पहिले तत्त्व आहे. दोन्ही मजकूर लहान आहेत, मूळातून वाचावेत.

या टप्प्यावरचे दोन सापळे थोडक्यात. ईमेलवर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, तीन दिवसांत प्रकाशन’ अशी जाहिरात येते, तेव्हा तो आकडा बहुधा कुठल्यातरी बनावट कंपनीने पैसे घेऊन दिलेला असतो. खरा इम्पॅक्ट फॅक्टर फक्त वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी अधिकच संशोधकावर आणि संस्थेवर आली आहे. दुसरा सापळा चूक किंवा गैरप्रकार आढळल्याने मागे घेतलेल्या निबंधांचा. त्यांनाही सायटेशन मिळत राहतात, म्हणून आपली यादी रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसशी जुळवून पाहावी. तो २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना खुला आहे.

स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दिलेले संदर्भ, म्हणजे स्वसायटेशन, हे आपोआप गैर ठरत नाही. एकाच बागेवर पंधरा वर्षे प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आधीच्या निष्कर्षांचा उल्लेख करणारच. स्वसायटेशन धरून आणि ती वगळून असे दोन्ही आकडे द्यावेत.

७. नकाशे

व्हीओएसव्ह्यूअरचे रंगीत नकाशे सर्वांना आवडतात, म्हणूनच त्यांच्यावर मी सर्वात कमी लिहिणार आहे. एकत्र येणाऱ्या की-वर्डचा नकाशा विषयाची रचना दाखवतो, सहलेखनाचा नकाशा सहकार्य दाखवतो. की-वर्ड किमान किती वेळा आला तर घ्यायचा, हा आकडा सॉफ्टवेअर पाच धरते; तो तीन आणि आठ करून पाहा. तिन्ही नकाशांत टिकून राहणाऱ्या गटांवरच विधाने करा. माझ्या नकाशात खुंट व कलमे, मर व डिंक्या यांसारखे रोग, आणि पाणी व खतव्यवस्थापन हे तीन गट टिकले. काढणीनंतरच्या प्रक्रियेचा चौथा गट आकडा बदलताच विरघळला, म्हणून मी तो सोडून दिला. दोन ठिपके जवळ दिसतात एवढ्यावरून कार्यकारणभाव सांगू नये.

८. लिहिताना आणि सादर करताना

पद्धतीच्या प्रकरणात डेटाबेसचे नाव, संपूर्ण शोधसूत्र जसेच्या तसे, तारीख, सुरुवातीच्या नोंदी, दुबार म्हणून काढलेल्या, विषयाबाहेरच्या म्हणून काढलेल्या आणि शेवटी उरलेल्या नोंदी, तसेच सॉफ्टवेअरची आवृत्ती द्यावी. वर्गणीच्या डेटाबेसमधील संपूर्ण नोंदी परिशिष्टात किंवा इतरत्र छापण्यावर करारानुसार बंधने असतात; त्याऐवजी शोधसूत्र आणि डीओआय क्रमांकांची यादी द्यावी. नावे एक करण्याच्या फाइलही जोडाव्यात, कारण तुमचे काम पुढे नेणाऱ्याला त्यांचाच सर्वात जास्त उपयोग होतो.

प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात तेच शोधसूत्र त्याच डेटाबेसमध्ये पुन्हा एकदा चालवा. नोंदींची संख्या बदललेली असेल, कारण डेटाबेस जुन्या वर्षांचे अंकही मागाहून भरत असतात. नव्या नोंदी घाईघाईने तक्त्यांत मिसळू नका. जुना आकडा, नवा आकडा आणि दोन्ही तारखा तळटीपेत लिहा आणि छपाईला द्या.